न दिसणारी बिजागरी

जैन घरातील ग्रंथांचे कपाट वर्षातून एकदा तरी पूर्ण रिकामे होते. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते, श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी पावसाळा सरल्यावर. ग्रंथ बाहेर काढावेत, हलक्या हाताने झाडावेत, वेष्टने बदलावीत, कोवळ्या उन्हाची ऊब द्यावी आणि पूजन करून पुन्हा जागी ठेवावेत, असा हा क्रम आहे. त्यात भक्तीइतकीच ग्रंथरक्षणाची व्यवस्थाही आहे. ओल, वाळवी आणि कसर ही पोथीची तीन जुनी दुखणी. जैसलमेरच्या कोरड्या हवेत दगडी तळघरातील ज्ञानभांडाराला त्यातल्या पहिल्या दुखण्याची धास्ती कमी. मुळशीत मात्र त्याच्याशीच गाठ असते.

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट आणि पौडच्या वाटेने पुढे गेले की हवा बदलते. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. मुळशीच्या पश्चिमेस, ताम्हिणीच्या घाटमाथ्याकडे, तो त्याच्या कित्येक पट होतो. गेल्या काही वर्षांत शहरातील अनेक व्यापारी कुटुंबांनी या बाजूला घरे बांधली. पेढीची धावपळ मागे ठेवून चार दिवस शांतपणे सामायिक-स्वाध्याय व्हावा, हा त्यामागचा हेतू. अशा घरात देवघर किंवा घरदेरासर येते आणि त्याच्या शेजारी ग्रंथांचे कपाटही. घाई असते म्हणून ते पार्टिकल बोर्डाचे केले जाते आणि दारांना बाजारात ‘ऑटो हिंज’ म्हणून मिळणाऱ्या वाटीच्या बिजागऱ्या लागतात. पहिला पावसाळा कसाबसा निभावतो. दुसऱ्या पावसाळ्यात बोर्ड ओल शोषून फुगतो, त्याचा भुगा सैल पडतो, स्क्रू आपल्या भोकात गरगर फिरू लागतो आणि दार खाली झुकते. पर्युषणात कल्पसूत्र काढायला गेलेल्या हाताला ते दार उचलून धरावे लागते.

या अनुभवानंतर कोणी सागवानाच्या कपाटाचा विचार करू लागले, तर त्याने एका छोट्या वस्तूची ओळख अवश्य करून घ्यावी. तिला कारागीर ‘नाइफ हिंज’ म्हणतात. पात्याची बिजागरी असे तिचे मराठी नाव करता येईल. दोन चपटी पितळी पाती एका टोकाशी खिळीने जोडलेली असतात आणि खिशातल्या मिटत्या चाकूसारखी एकमेकांवर मिटतात. नेहमीची बिजागरी दाराच्या उभ्या कडेला बसते व तिचा गोल सांधा बाहेर दिसत राहतो. पात्याची बिजागरी दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, लाकडाच्या आत बसते. दार मिटले की खिळीभोवतीचे पितळेचे छोटेसे टोक तेवढे उरते. पाहुण्याच्या नजरेत ते भरतही नाही.

कल्पना परकी वाटली तरी तिचे मूळ आपल्या उंबरठ्यातच आहे. पुण्यातील जुन्या वाड्यांची आणि मावळ-मुळशीतील जुन्या घरांची दारे आठवावीत. फळीच्याच अंगाचे दोन गोल खुंट, एक वर व एक खाली. खालचा उंबऱ्याच्या खळग्यात आणि वरचा चौकटीच्या भोकात फिरणारा. लोखंडी बिजागरी घरोघरी पोहोचण्यापूर्वी दारे अशीच फिरत होती. किल्ल्यांच्या दरवाजांतून जाताना खालच्या दगडात झिजून गुळगुळीत झालेले गोल खळगे आजही दिसतात. दाराचे वजन वरून थेट खाली उतरावे, कडेच्या स्क्रूंवर ओढ येऊ नये, हे त्या जुन्या योजनेचे मर्म. पात्याच्या बिजागरीत तेच मर्म पितळेच्या दोन बोटांच्या तुकड्यात उतरले आहे.

हिचे मुख्य प्रकार दोन. सरळ पात्यांची बिजागरी, दार कपाटाच्या बाजूच्या फळ्यांवर बाहेरून टेकत असेल तेव्हा लावतात. दार बाजूच्या फळ्यांच्या आत बसत असेल, तर काटकोनात वळलेल्या पात्यांची लागते. त्या वळणामुळे खीळ दाराच्या दर्शनी पृष्ठाच्या किंचित पुढे येते आणि दार बाजूच्या फळीला न घासता उघडते. डाव्या आणि उजव्या दाराची वळणदार पाती वेगळी असतात, हे खरेदीच्या वेळी विसरले जाते आणि मिस्त्रींची फेरी वाढते.

बनवण्याची रीत साधी, पण चोख आहे. एका दाराला दोन बिजागऱ्या, म्हणजे चार पाती. छोट्या कपाटासाठी साधारण ३ मिलिमीटर जाडीची व ८ ते १० मिलिमीटर रुंदीची पितळी पट्टी पुरते. जोडीतली दोन्ही पाती एकमेकांवर घट्ट आवळून खिळीचे भोक एकदमच पाडायचे. वेगवेगळे पाडले तर केसभर फरक पडतो आणि तो केस दाराच्या दुसऱ्या कडेला पोहोचेपर्यंत काडीएवढा होतो. एका पात्यात खीळ ठोकून पक्की बसवायची, दुसऱ्या पात्याचे भोक ती खीळ सरकेल पण डुगडुगणार नाही इतकेच मोकळे ठेवायचे. मुळशीच्या हवेत खीळ स्टेनलेस पोलादाची असावी, म्हणजे गंजाने आवळत नाही. दोन पात्यांमध्ये एक पातळ वॉशर येतो. हा वॉशर अंगाने छोटा, पण कपाटाची वरची फळी आणि दार यांच्यामध्ये किती फट राहील हे तोच ठरवतो. स्क्रूची डोकी पृष्ठाशी सपाट बसतील अशा खळग्या करायच्या, कडा कानशीने मारायच्या आणि शेवटी बारीक पॉलिश कागदाने अंग गुळगुळीत करायचे.

बसवण्याच्या कामात खरी कसोटी लागते आणि ती क्रमाची असते. बाजारातील वाटीची बिजागरी कपाट उभे राहिल्यावर लावतात. तिला तीन दिशांनी हलवणारे स्क्रू असतात, चूक झाली तर नंतर फिरवून घेता येते. पात्याच्या बिजागरीत ती सोय जवळजवळ नाही. तिची खाच कपाटाच्या वरच्या आणि तळाच्या फळीत पाडायची असते आणि ती कपाट जोडण्यापूर्वीच पाडावी लागते; एकदा चौकट सांधली की आत पटाशी धरायला धड जागाच उरत नाही. म्हणून दार कोठे येणार, किती जाड असणार, फट किती राहणार, हे सारे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. मिस्त्री गुण्या लावून धारदार सुरीने रेघ आखतात, पटाशीने आतला भाग काढतात आणि पात्याच्या जाडीइतकी खोली आली की थांबतात. एक कागद जास्त खोल गेले तर त्याच जाडीचा कागद खाली घालून पाते वर आणतात. रुंदी जास्त झाली तर मात्र उपाय राहत नाही. पाते सैल बसते आणि दार त्या सैलपणाची आठवण रोज करून देते.

पुढचा क्रम असा. खीळ असलेली पाती कपाटात, भोक असलेली दारात. कपाटातली पाती पक्की केल्यावर त्यांच्या खिळींवर दाराची पाती नुसती अडकवायची. दारातल्या खाचा कडेला उघड्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे दार बाजूने सरकवत त्या पात्यांवर बसवता येते. मग प्रत्येक पात्यात एकच स्क्रू घालून दार उघड-मीट करून पाहायचे. फट सगळीकडे सारखी दिसली की उरलेले स्क्रू. पितळी स्क्रू मऊ असतो. सागवानात थेट पिळला तर त्याचे डोके तुटते आणि उरलेला दांडा आत रुततो. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घेतात, तो काढतात आणि मग पितळी स्क्रू बसवतात. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे, पण त्या अर्ध्या दिवसात बोलणे कमी आणि पाहणे जास्त असते.

या बिजागरीला विसाव्या शतकात नवी प्रतिष्ठा देणाऱ्यांमध्ये जेम्स क्रेनॉव्ह या कारागिराचे नाव येते. त्यांचा जन्म १९२० मध्ये सायबेरियात झाला, बालपण अलास्का व सिअ‍ॅटल परिसरात गेले आणि सुतारकामाचे शिक्षण त्यांनी स्वीडनमध्ये कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत घेतले. १९७६ मध्ये त्यांचे कपाटकामावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग येथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षणक्रम सुरू झाला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. पायांवर उभी, हातभर रुंदीची छोटी कपाटे करण्यात त्यांनी आयुष्य घालवले, आणि त्या कपाटांची दारे ते बहुधा पात्याच्या बिजागरीवरच फिरवत. मोठ्या वस्तूंपेक्षा छोटी वस्तू पूर्णत्वाला नेणे त्यांना अधिक मोलाचे वाटे.

बिजागरीला मर्यादाही आहेत आणि त्या आधीच समजून घेतल्या तर नंतर निराशा होत नाही. ती हलक्या, बेताच्या उंचीच्या दारांसाठी आहे. उंच दाराला मध्ये तिसरी बिजागरी लावता येत नाही, त्यामुळे दार जरा पिळवटले की मधला भाग बाहेर येतो. म्हणून दार अखंड फळीचे न करता चौकट आणि तिच्यात मोकळी बसलेली फळी असे करावे. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने वाढते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. चौकटीच्या दारात ही वाढ आतल्या फळीत जिरते. तरीही दार एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बसवले जात असेल, तर मिटणाऱ्या कडेला फट थोडी जास्त ठेवावी. श्रावणात बसवले तर कमी चालते. मुळशीच्या घरासाठीचे लाकूड शहरातून आणून लगेच कापू नये. काही आठवडे त्याच घरात, त्याच हवेत, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावे.

जैन गृहस्थाला याखेरीज आणखी काही प्रश्न विचारावे लागतात, आणि ते कारागिराला विचारण्यात संकोच नसावा. उंची फर्निचरवर परंपरेने लाखेचे पॉलिश देतात. चपडा म्हणून विकली जाणारी ही लाख लाखेच्या किड्यांचा स्राव असते आणि ती खरवडून काढताना असंख्य जीव जातात. श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे, ती याचसाठी. जुना सरस जनावरांची हाडे व कातडी उकळून करतात. स्क्रू सहज फिरावा म्हणून मिस्त्री त्याला मधमाश्यांचे मेण लावतात. शास्त्रग्रंथ ज्या कपाटात ठेवायचे, त्याच्या सांध्यासांध्यात हे पदार्थ असावेत का? पर्याय अवघड नाहीत. सांध्यांसाठी पांढरा कृत्रिम गोंद, स्क्रूसाठी खनिज पॅराफीन, लाकडाच्या अंगाला जवसाचे तेल किंवा कार्नोबा हे ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण. जवसाच्या तेलाबाबत एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवावेत. ही जयणाच आहे.

कर्मादानांत वनकर्मही आहे. झाड तोडण्याशी जोडलेला व्यवहार श्रावकाने टाळावा, निदान मर्यादेत ठेवावा, असा त्याचा आशय. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान आजही जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे मिळते. त्यात खिळ्यांची भोके असतात, रंग उतरवावा लागतो, मजुरी वाढते. पण ते पुरते मुरलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. दोन-तीन पिढ्या पाऊस पाहिलेले असे लाकूड मुळशीच्या हवेतही सहसा बिथरत नाही.

आता दुकानाच्या गादीकडे वळावे, कारण या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांचा दिवस तिथेच जातो. पुण्यात हार्डवेअर म्हटले की रविवार पेठेतील बोहरी आळी डोळ्यांपुढे येते आणि इमारती लाकूड म्हटले की भवानी पेठेतील टिंबर मार्केट. पितळी मालाचा ओघ मोठ्या प्रमाणावर जामनगरहून येतो. तिथले छोटे-मोठे कारखाने मुख्यतः मोडीचे पितळ वितळवून त्याच्या सळ्या व पट्ट्या ओढतात आणि त्यातून सुटे भाग कातून देतात. हालारी ओसवाल समाजाला हे गाव वेगळे सांगायला नको. नाइफ हिंज आपल्या बाजारात सहज मिळत नाही, पण चोख पितळी पट्टी देणारा व्यापारी आणि ती घडवणारा कारागीर यांची गाठ पडली तर ती इथेच होऊ शकते.

अडचण पितळेच्या खरेपणाची आहे. लोखंडावर पिवळा मुलामा दिलेली बिजागरी आणि घन पितळेची बिजागरी दुकानाच्या दिव्याखाली जुळ्या बहिणी वाटतात. लोहचुंबक लावले की लोखंड उघडे पडते. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला चुंबक धरत नाही. तिथे न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कानस एकदा फिरवावी. पितळ आतूनही पिवळेच निघते, जस्त करडे-पांढरे. मुळशीच्या दमट हवेत मुलाम्याखालचे लोखंड फार काळ लपत नाही. तोवर मात्र ते लाकडात बुजलेले असते. दार उतरवून खाच उकरल्याशिवाय बदलता येत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक कमी-जास्त वजनमापाचा आणि एक प्रतिरूपक व्यवहाराचा, म्हणजे अस्सल म्हणून तसाच दिसणारा हलका माल देण्याचा. मापाचा दोष ग्राहक घरी जाऊन तोलून पाहू शकतो. प्रतिरूपकाचा दोष कळायला कधी वर्षे लागतात, आणि कळतो तेव्हा पावती हरवलेली असते, दुकानात मुलगा बसलेला असतो, वडिलांनी काय दिले होते हे त्यालाही ठाऊक नसते. ग्राहकाला दिसणार नाही अशा जागी काय जाते, हे फक्त देणाऱ्याला माहीत असते. मुलामा असेल तर मुलामा म्हणून विकावा, त्याचा भाव त्याप्रमाणे घ्यावा. त्यात दोष नाही. दोष नाव बदलण्यात आहे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. हाताने घडवलेले सागवानी कपाट आणि त्याला पितळेची घडीव बिजागरी ही परिग्रहाची नवी वाट नव्हे काय? असू शकते. घरभर अशी कपाटे करून ती पाहुण्यांना दाखवत फिरणे हा मोहच. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या गृहस्थाने इथे आपल्या मर्यादेची वही उघडून पाहावी. त्याच वेळी दर सहा-सात वर्षांनी बोर्डाचे कपाट मोडीत काढून नवे आणणे, यातही निष्प्रयोजन हिंसेचा, अनर्थदंडाचा भाग येतोच. लाकूड, रसायन, वाहतूक आणि कचरा यांचा हिशेब कोणाच्या तरी खात्यावर पडतो. घरात एकच कपाट, बेताच्या मापाचे, ग्रंथांपुरते, आणि तीन पिढ्या चालेल असे, ही मर्यादा व्रताच्या आड येत नाही. किंमत परवडत नसेल तर जुन्या सागवानाच्या कपाटाला साधी पितळी बिजागरी लावावी. ती दिसेल एवढेच. खरी असली म्हणजे झाले.

कपाट घडवण्यापूर्वी घरातल्यांनी एकदा एकत्र बसावे हे उत्तम. वडीलधाऱ्यांचा हात किती उंचीपर्यंत पोहोचतो, कोणते ग्रंथ रोज लागतात, दार डावीकडे उघडले तर पूजेच्या जागेला अडथळा होतो का, मिटण्यापूर्वी पूंजणी फिरवायला कडेला बोटभर जागा राहते का. या बिजागरीत नंतर बदल करता येत नाही, म्हणून हे प्रश्न आधी विचारावेच लागतात. वाटणीपत्र, नवी भागीदारी किंवा मुलामुलींचे संबंध ठरवतानाही जाणती माणसे असेच आधी बसून बोलतात. एकदा चौकट सांधली गेली की आत पटाशी घालणे किती अवघड असते, हे त्यांनी पाहिलेले असते.

कार्तिकातल्या पंचमीला मुळशीच्या डोंगरांवरचा पाऊस थांबलेला असतो, गवत पिवळे पडू लागलेले असते. घरातली लहान मुलगी कपाटासमोर उभी राहते, फटीवरून पूंजणी फिरवते आणि एका बोटाने दार ओढते. दार आवाज न करता उघडते. ते कशावर फिरते हे तिला दिसत नाही. घडवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि ठरवणाऱ्याला ते माहीत असते, आणि आतले ग्रंथ कोरडे असतात.